इंग्लंडच्या ख्रिस्ती क्रीडा शिबिरात स्वयंसेवक म्हणून जाऊ का? सोलापूरच्या एका खो-खोपटूला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूरची २३ वर्षांची मुलगी, खो-खोत राज्य पातळीवर खेळलेली, नुकतंच बी.पी.एड. पूर्ण झालेलं. पाळकसाहेबांच्या, म्हणजे तिच्या चर्चच्या धर्मगुरूंच्या, ओळखीतून इंग्लंडमधल्या एका ख्रिस्ती क्रीडा शिबिराचं आमंत्रण आलंय. ऑगस्टमध्ये एक आठवडा, ११ ते १४ वर्षांची मुलं. तिकीट स्वतःचं, शिवाय शिबिरालाही काही रक्कम भरायची. घरचे म्हणतात, राबायचं आपण आणि पैसेही आपणच द्यायचे, हा कुठला न्याय? तिला स्वतःला इंग्रजीची आणि मुलांसमोर साक्ष देण्याची, म्हणजे आपल्या श्रद्धेचा अनुभव सांगण्याची, धास्ती वाटते. जावं की नाही?

मी नगर जिल्ह्यात २४ वर्षं क्रीडाशिक्षिका आहे. त्यातले सहा उन्हाळे मी इंग्लंडमधल्या अशाच शिबिरांत काम केलंय. तुझ्या वयाच्या माझ्या विद्यार्थिनी आता स्वतः शिकवतात, म्हणून तुला 'तू'च म्हणते.

तू पैसे, इंग्रजी आणि साक्ष याबद्दल विचारलंस. पण या तिन्हींच्या आधी एक गोष्ट येते. तिथले आईबाप आपली मुलं आठवडाभर तुझ्या हवाली करणार आहेत. तू त्या विश्वासाला पात्र आहेस की नाही, हे ते शिबिर नीट तपासतंय का? तपासत असेल तर बाकीच्या अडचणी सुटण्यासारख्या आहेत. 'पाळकांनी सांगितलं ना, मग या' एवढ्यावर ते तुला घेत असतील, तर तिकीट फुकट मिळालं तरी जाऊ नकोस, असं मी म्हणेन.

हे इतकं ठामपणे सांगण्यामागे कारण आहे. जॉन स्माइथ नावाचा एक नामांकित इंग्रज बॅरिस्टर १९७० आणि ८० च्या दशकांत ख्रिस्ती उन्हाळी शिबिरांतल्या मुलांशी जवळीक करायचा आणि पुढे त्यांना अमानुष मारहाण करायचा. १९८२ मध्ये शिबिराशी संबंधित लोकांनी याचा अंतर्गत अहवाल तयार केला, पण पोलिसांना कळवलं नाही. स्माइथ झिंबाब्वेला गेला आणि तिथेही मुलांची ख्रिस्ती शिबिरं भरवू लागला. १९९२ मध्ये त्याच्या शिबिरात एका १६ वर्षांच्या मुलाचा मृतदेह पोहण्याच्या तलावात सापडला. २०१८ मध्ये स्माइथ वारला, तोपर्यंत त्याला शिक्षा झाली नव्हती. नोव्हेंबर २०२४ मध्ये या सगळ्यावरचा मेकिन अहवाल बाहेर आला आणि त्याच महिन्यात चर्च ऑफ इंग्लंडचे तेव्हाचे प्रमुख धर्मगुरू, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला. 'आपल्यातलाच माणूस आहे, प्रार्थना करणारा आहे' या भरवशावर मुलं सोपवली की काय होतं, हे तिथल्या मंडळींनी फार मोठी किंमत देऊन पाहिलंय. म्हणून फॉर्म लांबलचक आला, प्रश्न खोचक वाटले, तर मनाला लावून घेऊ नकोस. तसा फॉर्म आला तर मला उलट हायसं वाटतं.

चांगलं शिबिर तुझ्याकडे किमान दोन शिफारसपत्रं मागेल आणि ती लिहिणाऱ्यांशी स्वतः संपर्क साधेल. ब्रिटनमध्ये मुलांसोबत काम करणाऱ्यांची डीबीएस तपासणी, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची सरकारी तपासणी, होते, पण त्या यंत्रणेला परदेशातल्या गुन्ह्यांच्या नोंदी दिसत नाहीत. म्हणून तुझ्याकडून भारतातलं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे पीसीसी, मागतील. ते पासपोर्ट सेवा पोर्टलवरून अर्ज करून मिळतं. पासपोर्टवरचा पत्ता जुना असेल किंवा तू मधली काही वर्षं दुसऱ्या शहरात शिकायला राहिली असशील, तर पोलीस पडताळणी रेंगाळू शकते. म्हणून हे काम आधी उरक. शिबिराआधी मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण असेल, ते मन लावून कर.

त्या प्रशिक्षणात एक कायदा येईल. २०२२ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये क्रीडा प्रशिक्षक आणि धार्मिक मार्गदर्शक, दोघेही 'विश्वासाच्या पदावर' असलेल्यांत धरले जातात. त्यांच्या हाताखालच्या १६-१७ वर्षांच्या मुलामुलींशी लैंगिक संबंध ठेवणं गुन्हा आहे, मग संमती असो वा नसो. तुझ्या शिबिरात मैदान आणि बायबल दोन्ही आहेत, म्हणजे तू दोन्ही बाजूंनी त्या पदावर बसतेस. तुझ्या गटातली मुलं लहान असली तरी शिबिरातले मदतनीस बहुधा त्याच वयाचे असतात, हे ध्यानात ठेव.

रोजच्या वागण्यातले नियम साधे आहेत, पण आपल्याकडची सवय मोडावी लागते. मुलाबरोबर बंद खोलीत एकटं राहायचं नाही. तिथली बालसंरक्षण संस्था एनएसपीसीसी ९ ते १२ वर्षांच्या आठ मुलांमागे एक आणि १३ च्या पुढे दहा मुलांमागे एक मोठं माणूस असावं असं सुचवते, आणि गट लहान असला तरी किमान दोन मोठी माणसं. पहिल्या वर्षी मी एका दंगेखोर मुलाचा दंड धरून त्याला रांगेत उभं केलं. आपल्या शाळेत याची कुणी दखलही घेतली नसती. तिथे प्रमुख बाईंनी मला बाजूला बोलावलं, शांतपणे समजावलं आणि घटनेची नोंद लिहून घेतली. त्याच आठवड्यात मी मुलांचे फोटो आमच्या चर्चमंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले होते, तेही काढायला लागले. त्या रात्री मला फार वाईट वाटलं. पण माझ्या शाळेतल्या मुलांचे फोटो मी इतकी वर्षं कुणाला विचारून टाकत होते, हा प्रश्न त्याच रात्री पहिल्यांदा पडला.

आता पैशांचं. स्वयंसेवकानं स्वतःच्या जेवणाखाणाचा आणि राहण्याचा खर्च भरणं ही तिथल्या ख्रिस्ती शिबिरांत सर्रास चालणारी पद्धत आहे. तिथले शिक्षक, नर्स, विद्यार्थी आपली वार्षिक रजा घालवून येतात आणि वर पैसे भरतात. त्यामुळे पैसे मागितले म्हणजे फसवणूक, असं घरच्यांनी समजू नये. मात्र पैसे कुणाकडे जातात ते पाहा. इंग्लंडमधल्या चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत संस्थेचा क्रमांक टाकला की विश्वस्तांची नावं आणि जमाखर्च कुणालाही पाहता येतो. पैसे एखाद्या व्यक्तीच्या खात्यावर मागितले, व्हिसाची हमी दिली, पासपोर्ट आमच्याकडे ठेवा म्हणाले किंवा 'शिबिरानंतर तिकडेच नोकरीचं बघू' असं कुणी सुचवलं, तर तिथेच थांब. आणि समजा शिबिरानंच तुझ्या तिकिटाचे पैसे तुमच्या चर्चच्या खात्यावर पाठवायचं ठरवलं, तर चर्चची एफसीआरए नोंदणी, म्हणजे परदेशातून पैसे घ्यायला लागणारी सरकारी नोंदणी, आहे का ते आधी विचार. नसेल तर पाळकसाहेब विनाकारण अडचणीत येतील.

व्हिसाबद्दल मी मोघमच बोलणार, कारण ते शिबिराच्या स्वरूपावर अवलंबून आहे आणि नियम बदलत राहतात. नोंदणीकृत चॅरिटीसाठी एकूण ३० दिवसांपर्यंतची स्वयंसेवा व्हिजिटर व्हिसाच्या चौकटीत बसू शकते. काम त्याहून मोठं किंवा नोकरीसारखं बांधलेलं असेल, तर चॅरिटी वर्कर व्हिसा लागतो आणि त्यासाठी संस्थेकडे प्रायोजक म्हणून परवाना हवा. कोणत्या व्हिसावर यायचं हे शिबिराकडून लेखी घे आणि ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळावर ताडून पाहा. 'फक्त फिरायला जातेय असं लिही, शिबिराचं नाव काढू नको' असा सल्ला तुला कुणीतरी नक्की देईल. तो ऐकू नकोस. विमानतळावरच्या अधिकाऱ्यासमोर खोटं बोलून आत जायचं आणि संध्याकाळी मुलांना खरेपणावर धडा द्यायचा, हे मला पटत नाही. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. ऑगस्टला जायचं तर मेमध्ये कागद तयार हवेत.

आता तुझ्या हातातल्या खऱ्या शिदोरीकडे येते. फुटबॉल, हॉकी, नेटबॉल शिकवणारे तिथे भरपूर असतात. तू खो-खो घेऊन जा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, त्यात इंग्लंडचेही संघ होते आणि आपल्या मुलामुलींनी दोन्ही विजेतेपदं जिंकली. तरी शिबिरातल्या बहुतेक मुलांनी हा खेळ पाहिलेला नसतो, आणि तेच फायद्याचं ठरतं. फुटबॉलमध्ये पहिल्या पाच मिनिटांत कोण पटाईत आणि कोण कच्चं हे सगळ्यांना माहीत असतं. खो-खोत सगळेच नवखे.

एका वर्षी माझ्या गटात एक मुलगी होती. पहिले दोन दिवस पोट दुखतंय म्हणून ती मैदानाबाहेर बसून राहिली. अंगानं जरा जड, पळण्याची लाज वाटणारी. तिसऱ्या दिवशी मी खो-खो मांडला आणि तिला पाटीत, म्हणजे बसणाऱ्या गड्यांच्या ओळीत, बसवलं. बसायचंच तर आहे, म्हणून ती तयार झाली. पळणारा मुलगा तिच्या समोरून निर्धास्तपणे चालला होता. मागून खो मिळाला, ती उठली आणि दोन पावलांत त्याला बाद केलं. खो-खोत वेगाइतकीच वेळ साधण्याला किंमत आहे, हे तुला मी काय सांगणार. पण त्या मुलीला ते त्या क्षणी कळलं. उरलेले दिवस तिचं पोट दुखलं नाही.

मात्र खेळ जसाच्या तसा नेऊ नकोस. आपली मुलं तासन् तास उकिडवी बसू शकतात. तिकडच्या बारा वर्षांच्या मुलांच्या टाचा जमिनीला टेकत नाहीत, ती मागे कलंडतात. त्यांना एक गुडघा टेकून बसू दे. हिरवळ ओली असते, तेव्हा मैदान अर्धं कर आणि डाव दोन-दोन मिनिटांचा ठेव. लाकडी खांब रोवू नकोस, मऊ कोन पुरतात, आणि खांबावरचा सूर, म्हणजे खांब धरून गडी बाद करायला घेतलेली झेप, अजिबात शिकवू नकोस, मुलांनी कितीही हट्ट केला तरी. खो देताना तळहात उघडा आणि दोन खांद्यांच्या मधोमध, हे आधी एका मोठ्या माणसावर करून दाखव आणि मगच मुलांना करू दे. स्पर्शाचा खेळ आहे, तेव्हा स्पर्श कुठे आणि कसा हे उघड बोललेलं बरं. बाकी 'खो' हा शब्द त्यांना इतका आवडतो की रात्री जेवणाच्या रांगेतही ऐकू येतो. सोलापूरच्या मातीतले तुझे बूट हिरवळीवर घसरतील, तेव्हा खालून स्टड असलेले घे.

खाण्याबद्दल एकच, पण जिवाशी गाठ असलेलं. सोलापूरची शेंगा चटणी बरोबर नेशील, ते मला माहीत आहे. ती सामायिक जेवणघरात उघडू नकोस आणि शेंगदाण्याची चिक्की मुलांना चुकूनही वाटू नकोस. तिथल्या काही मुलांना शेंगदाण्याची इतकी तीव्र ॲलर्जी असते की काही मिनिटांत श्वास कोंडतो. आपल्या गटात कुणाकडे ॲड्रेनलिनचं इंजेक्शन आहे, कुणाकडे दम्याचा निळा इनहेलर आहे आणि तो खेळताना कुठे ठेवलाय, हे पहिल्या संध्याकाळी पाठ कर.

साक्ष. तुझी धास्ती मी समजू शकते, कारण आपल्याकडे साक्ष म्हणजे माईकसमोर उभं राहून अर्धा तास बोलणं. मुलांसमोर तीन मिनिटं पुरतात. एकच खरा प्रसंग सांग. भारत म्हणजे गरिबी आणि आपण म्हणजे दया करण्याजोगे, असं चित्र रंगवू नकोस, मोठ्यांनी सुचवलं तरी. ब्रिटनमध्ये मुलांच्या या सेवेला जुनी परंपरा आहे. १८६८ मध्ये जोसाया स्पायर्स यांनी वेल्समधल्या लँडडनोच्या किनाऱ्यावर वाळूत 'देव प्रीती आहे' ही अक्षरं काढली आणि मुलांनी ती शंख-शिंपल्यांनी सजवली. त्यांच्या कामातूनच पुढे स्क्रिप्चर युनियन ही मुलांमध्ये काम करणारी ख्रिस्ती संस्था वाढली. सुरुवात किती साधी होती बघ.

तुझं मैदानावरचं वागणं मुलं संध्याकाळच्या बोलण्यापेक्षा जास्त बारकाईनं पाहतात. धावपटू आणि पुढे चीनमध्ये मिशनरी झालेले एरिक लिडल यांनी १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रविवारी धावायला लागू नये म्हणून १०० मीटर सोडली आणि ४०० मीटरचं सुवर्ण ४७.६ सेकंदांत जिंकलं, हे आपण संडे स्कूलमध्ये ऐकत आलो. (त्याच ऑलिम्पिकला भारतीय पथकाबरोबर हॅरी क्रो बक गेले होते. १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढणारे ते हेच. बी.पी.एड.ला त्यांचं नाव वाचलं असशील.) मला लिडल यांची पुढची गोष्ट जास्त जवळची वाटते. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्यांना चीनमधल्या वेइशियनच्या छावणीत ठेवलं, आणि तिथे शेकडो मुलं होती. लिडल त्यांचे खेळ घ्यायचे, पण रविवारी नाही. एका रविवारी मुलांनी आपली आपणच हॉकी मांडली आणि पंच नसल्यानं मारामारी झाली. पुढच्या रविवारी लिडल स्वतः पंच म्हणून मैदानात उभे राहिले. स्वतःच्या सुवर्णपदकासाठी जो रविवार त्यांनी मोडला नव्हता, तो मुलांसाठी मोडला. फेब्रुवारी १९४५ मध्ये त्याच छावणीत मेंदूच्या गाठीनं त्यांचं निधन झालं. त्या मुलांनी म्हातारपणी ज्या आठवणी सांगितल्या, त्यांत लिडल हे त्यांच्याबरोबर खेळणारे काका म्हणून येतात.

एका गोष्टीत मात्र माझं मत काही सहकाऱ्यांहून वेगळं आहे. दिवसभराच्या खेळानं दमलेलं, घरापासून दूर असलेलं, गाण्यांनी हळवं झालेलं मूल रात्री नऊ वाजता समोर बसलेलं असताना 'आत्ता निर्णय घे' म्हणून त्याला भरीला पाडू नये. या शिबिरांत चर्चला कधीच न जाणारी मुलंही येतात. त्यांना प्रश्न विचारू दे, ऐकू दे, 'मला नाही पटत' म्हणू दे, आणि दुसऱ्या दिवशी संघ निवडताना त्यांचं नाव तितक्याच आनंदानं पुकार. तुझं शिबिर याहून वेगळं वागायला सांगत असेल, तर जाण्याआधीच विचारून घे. बऱ्याच ठिकाणी स्वयंसेवकांना ख्रिस्ती श्रद्धेच्या लेखी मुद्द्यांवर सही करावी लागते. ते मुद्दे पाळकसाहेबांसोबत बसून वाच आणि पटले तरच सही कर.

इंग्रजी मोडकं असलं तरी मैदानावर निभावतं. शिट्टी, हात आणि तीसेक आज्ञा पुरतात, आणि मुलं उच्चार सुधारून द्यायला एका पायावर तयार असतात. पण दोन वेळी मोडक्या इंग्रजीवर भागत नाही. एक, मुलाला इजा झाली तर. दोन, मूल विश्वासानं काही दुखरं सांगायला लागलं तर. दुसऱ्यासाठी हे वाक्य इंग्रजीत पाठ करून जा: 'हे मी गुपित ठेवीन असं वचन देऊ शकत नाही, पण जे तुला मदत करू शकतील त्यांनाच सांगेन.' मग खोदून प्रश्न विचारू नकोस. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून काढ आणि त्याच दिवशी सुरक्षा प्रमुखांना दे. शिबिर संपल्यावर मुलांची इन्स्टाग्रामवरची विनंती स्वीकारायची नाही. पत्र पाठवायचं तर शिबिराच्या कार्यालयामार्फत. याचं तुला वाईट वाटेल, मलाही दरवर्षी वाटतं.

घरच्यांचा जो प्रश्न आहे, त्यात एक वजनदार मुद्दा दडलाय: एवढे पैसे इथल्याच मुलांसाठी का वापरू नयेत? माझं उत्तर असं की इथे काही करायचा इरादा असेल, तरच तिकडचा खर्च सार्थकी लागतो. मी परत येताना संमतीपत्राचा नमुना, ॲलर्जीची यादी, दोन मोठ्यांचा नियम आणि घटना-नोंदीची वही घेऊन आले. आता आमच्या तालुक्यातल्या उन्हाळी शिबिरात हे सगळं चालतं. आपल्याकडे पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे, आणि त्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्यानं ती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. आमच्या शिबिरातल्या किती शिक्षकांना हे माहीत होतं? मी विचारलं त्या दिवशी एकालाही नव्हतं.

म्हणून तुझ्यासाठी क्रम असा. या आठवड्यात पीसीसीचा अर्ज टाक आणि शिबिराकडून चॅरिटी क्रमांक, व्हिसाचा प्रकार आणि मुलांच्या सुरक्षेचं धोरण लेखी माग. उत्तर टाळाटाळीचं आलं तर विषय संपला. नीट आलं, तर मेच्या सुट्टीत तुमच्या मंडळीच्या व्हीबीएसमध्ये, म्हणजे मुलांच्या सुट्टीतल्या बायबल शाळेत, पाच दिवस खेळांची सगळी जबाबदारी घे. वीस-पंचवीस मुलं, ऊन, रडारड, पाण्याच्या बाटल्या, सगळं. पाचव्या संध्याकाळी अंग मोडून आलं असतानाही उद्या पुन्हा यावंसं वाटलं, तर तिकीट काढ.